गणवेश आणि विवेक



वाशीम जिल्ह्यातील एका परिचित भगिनीचा मध्यंतरी दूरध्वनी आला. कन्येला बारावीनंतर मोठ्या शहरातील, ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालविलेल्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. माहितीपुस्तिकेत पोशाखाचे दोन पानी नियम होते: बिनबाह्यांचे कपडे नकोत, फाटकी जीन्स नको, केस बांधलेले हवेत आणि गणवेशाच्या दिवशी काळे चामडी बूट व पट्टा हवा. "दादा, बाकी सारे आम्हाला उलट बरेच वाटते. पण आमच्या घरात चामड्याची वस्तू येत नाही. पोरीने बूट घालावेत की प्रवेश सोडावा?" त्यांच्या या प्रश्नावर मी त्या रात्री बराच वेळ विचार करीत राहिलो.

ख्रिस्ती शिक्षणसंस्थांविषयी आपल्या मनात आदर आहे आणि तो सकारण आहे. मुंबईचे विल्सन महाविद्यालय १८३२ पासूनचे, सेंट झेवियर्स १८६९ चे, तर विदर्भाला जवळचे नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे. या ज्ञानमंदिरांत सर्व धर्मांची मुले शिकली. अशा अनेक संस्थांत शिस्तीला मान आहे आणि पोशाखाचा नियम हा त्या शिस्तीचाच भाग मानला जातो. श्रीमंत व गरीब मुलगी एका बाकावर बसते, तेव्हा साधा, सारखा पोशाख दोघींमधील अंतर झाकतो. अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पोशाख ही क्षुल्लक बाब आहे, असे तर आपण म्हणूच शकत नाही. दिगंबर आणि श्वेतांबर ही आपल्या दोन्ही परंपरांची नावेच वस्त्राशी निगडित आहेत. मुनींचे दिगंबरत्व आणि आर्यिका माताजींची एक शुभ्र साडी यांमागे संपूर्ण तत्त्वज्ञान उभे आहे. म्हणूनच, अंगावर काय घालावे या प्रश्नात कोणाचा धर्म गुंतलेला असू शकतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास कळावे?

कायद्यानेही या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. संविधानाचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीस सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. केरळमधील एका ख्रिस्ती शाळेत दोन मुस्लिम विद्यार्थिनींनी डोक्यावर रुमाल व पूर्ण बाह्यांचा सदरा यांची अनुमती मागितली, तेव्हा २०१८ साली तेथील उच्च न्यायालयाने संस्थेचा अधिकार वरचढ मानला. उलट, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, परंतु श्रद्धेमुळे ते न गाणारी तीन ख्रिस्ती भावंडे शाळेतून काढली गेली होती. त्यांना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने परत प्रवेश देवविला. २०२४ मध्ये मुंबईतील चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी आदींवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने तिला अंशतः स्थगिती दिली. मग टिळा आणि टिकली यांनाही बंदी करणार काय, असा प्रश्न त्या सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारला. पूजा करून कपाळी केशरी टिळा लावून वर्गात जाणाऱ्या आपल्या मुलांच्या पालकांनी या प्रश्नाकडे लक्ष द्यावे.

मला यातून एक भेद दिसतो. काही नियम आवडीला मुरड घालतात, काही नियम श्रद्धेला धक्का देतात. फाटकी जीन्स न घालण्याने कोणाचे व्रत मोडत नाही. तेथे मुलींनी कुरकुर न करता नियम पाळावा. चामड्याच्या बुटांची गोष्ट निराळी. तेथे अहिंसेचा प्रश्न आहे. पण अशा वेळी भांडण हा पहिला मार्ग नव्हे. संस्थेचा हेतू कोणता? सर्व मुलींचे पाय सारखे दिसावेत, एवढाच. काळ्या कापडी बुटांनी तो हेतू तसूभरही उणा होत नाही.

त्या भगिनीला मी हेच सुचविले. कन्येने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला: नियम मान्य आहेत, गणवेश पूर्ण घालीन, केवळ बूट व पट्टा त्याच रंगाचे पण चामड्याविना असावेत. प्राचार्या धर्मभगिनींनी तिला बोलावून कारण विचारले, शांतपणे ऐकले आणि अनुमती दिली. मुलगी आता तेथेच शिकते आहे. प्रत्येक ठिकाणी असेच घडेल, असे मी म्हणणार नाही. म्हणून पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी माहितीपुस्तिका वाचावी, अडचण लेखी कळवावी आणि पर्यायही आपणच सुचवावा.

आता आरसा आपल्याकडे वळवू. जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ज्या अनुच्छेदाचा आधार ख्रिस्ती संस्थांना आहे, तोच आपल्यालाही आहे. आपल्या जिल्ह्यातील कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि गुरुकुल शिक्षणाची परंपरा रुजली. आज आपल्या समाजाच्या अनेक शाळा-महाविद्यालयांत अन्य धर्मांची मुले-मुली शिकतात. उद्या त्यांतील एखादी डोक्यावर रुमाल बांधून, एखादी गळ्यात क्रूस घालून, आपल्या कार्यालयाच्या दाराशी अर्ज घेऊन उभी राहील. त्या वेळी आपण नियमपुस्तिका पुढे करणार की आधी तिला बसायला सांगणार?

अनेकांत आपण व्याख्यानमालेत पुष्कळ ऐकतो. त्याची परीक्षा मात्र अशा अर्जावर सही करतानाच होते. आपल्या लेकीला जो न्याय मिळावा असे वाटते, तोच दुसऱ्याच्या लेकीला देता आला, तर आपल्या संस्थेच्या फलकावरील भगवान महावीरांचे नाव शोभून दिसेल.