उन्हाची भिंगरी

बेन्नू हा जेमतेम अर्धा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह २४ सप्टेंबर २१८२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २७०० मध्ये एक आहे, असे 'नासा'ने २०२१ मध्ये जाहीर केले. इतक्या दूरचे भाकीत गुरुत्वाकर्षणाच्या गणितावर भागत नाही. तेथे उन्हाचाही हिशेब मांडावा लागतो.

लघुग्रह शोषलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत फेकतो आणि प्रत्येक किरण जाताना पृष्ठभागाला किंचित रेटतो. वेड्यावाकड्या खडकावर हे रेटे समतोल राहत नाहीत. त्याची भिंगरी होते. हाच 'यॉर्प परिणाम'. '२००० पीएच५' या सुमारे ११४ मीटरच्या लघुग्रहावर तो सिद्ध झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची बारा मिनिटांची गिरकी दरवर्षी सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाने आखडत होती! पण हेच लक्षावधी वर्षे चालले, की सैल दगडधोंड्यांचा लघुग्रह फुटूही शकतो.

बेन्नूची ४.३ तासांची गिरकीही शतकाला सुमारे एका सेकंदाने कमी होत आहे. खरी मेख पुढेच आहे. दुपारी तापलेली बाजू उष्णता सोडते ती गिरकीमुळे वळल्यानंतर. त्या रेट्याने बेन्नूची कक्षा वर्षाला सुमारे २८४ मीटर आत सरकते. गिरकीची दिशा आणि आसाचा कल ठाऊक असल्याखेरीज या सरकण्याचे गणित जमत नाही. बेन्नूजवळ 'ओसायरिस-रेक्स' यान दोन वर्षांहून अधिक काळ होते, म्हणून हे माप इतके नेमके मिळाले. बाकीच्या बहुसंख्य लघुग्रहांची साधी गिरकीही अद्याप मोजलेली नाही.