रोस्टरवरचे तास आले कुठून?



शाळेत देशाचा इतिहास शिकवावा की जगाचा, हा वाद अधूनमधून निघतो. ‘आधी आपले, मग परक्यांचे’ म्हणणारे आपल्या युनियनमध्येही आहेत. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. पण तीस वर्षे रेल्वेत काढल्यावर एवढे कळते की कामगारापुरते तरी हे दोन इतिहास वेगळे काढता येत नाहीत.

आपल्या ड्युटीचे रोस्टरच घ्या. त्यावरचे तास आले कुठून? १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. महायुद्ध नुकतेच संपलेले, रशियात १९१७ ला क्रांती झालेली, राज्यकर्ते धास्तावलेले. तिथे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचा करार झाला. आपल्या कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. पण त्याच करारात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी निराळे कलम घातले गेले: आठवड्याला ६० तास, तेही कारखाने, खाणी आणि रेल्वेच्या ठरवून दिलेल्या शाखांपुरते! त्यासाठी रेल्वे कायद्यात दुरुस्ती व्हायला १९३० साल उजाडले. पुढे न्या. राजाध्यक्षांनी १९४७ च्या निवाड्यात सलग कामाच्या नोकरांना ५४ तास ठरवून दिले. टपालवाल्यांच्या १९४६ च्या तंट्यातले लवादही तेच.

इतरांचा दिवस आठ तासांचा आणि आपला दहाचा का, असे पोराने विचारले तर उत्तर नुसत्या देशाच्या इतिहासात सापडायचे नाही. त्यासाठी साम्राज्य म्हणजे काय, हे कळावे लागते.

आता उलट बाजू. एक मे म्हटले की शिकागो आणि १८८६ हे आपण सभेत घडाघडा सांगतो. पण त्याच्या २४ वर्षे आधी, १८६२ मध्ये, हावडा स्टेशनच्या सुमारे १२०० रेल्वे मजुरांनी आठ तासांसाठीच संप केला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि इथून पॅसेंजरने दीड-दोन तासांवरचे राजनांदगाव? तिथल्या बी.एन.सी. मिलच्या कामगारांनी १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली कामाच्या तासांसाठीच महिनाभराहून अधिक संप चालवला. वॉशिंग्टन १९१९, राजनांदगाव १९२०. दोन्ही एकाच धड्यात का नसावेत?

टपालातल्या मित्रांना तर हे सांगायलाच नको. १८७४ ला बर्नमध्ये जागतिक टपाल संघ झाला आणि १८७६ ला हिंदुस्थान त्यात आला, म्हणून इथले तिकीट लावलेले पत्र परदेशी पोचते.

मुलांवर भार पडतो, हे खरे. पण भार कमी करताना कापतात काय, तेही बघा. २०२२ साली एन.सी.ई.आर.टी.ने अकरावीच्या जागतिक इतिहासातून ‘औद्योगिक क्रांती’चे प्रकरणच वगळले. वाफेचे इंजिन ज्यात येते तेच प्रकरण! रेल्वे कॉलनीतल्या पोरांना आगगाडी कुठून आली, हे मग सांगायचे कोणी?

माझी सूचना साधी आहे. नवे पुस्तक नको. आहे त्याच धड्यात शेजारी-शेजारी शिकवा. पालक सभेला आपण बहुधा घरच्या बाईला पाठवतो. यंदा स्वतः जा आणि हा विषय काढा. शिक्षकांना रोस्टर दाखवायचे असेल तर शाखा कार्यालयात त्याची प्रत मिळेल.