विश्लेषण : इंद्रधनुषी रुपयावर बोली लावावी का?

गेल्या महिन्यात मामांनी व्हॉट्सॲपवर एका ऑनलाइन लिलावाची लिंक पाठवली. पंचम जॉर्जचा १९१८ सालचा चांदीचा रुपया, मुंबई टांकसाळ. कडेला निळा-हिरवा, आत किरमिजी, मध्यभागी सोनेरी. वर्णनात ‘रेनबो टोनिंग’ असे ठळक अक्षरांत. बोली ३,००० रुपयांपासून सुरू होऊन ८,२०० वर पोहोचली होती आणि दोन दिवस बाकी होते. पाठोपाठ फोन आला. ‘‘बघ गं, असला रंग कधी बघितलाय का? तुरीचे पैसे आलेत. पंधरापर्यंत जाऊ का?’’

मामा बार्शीच्या भुसार बाजारात वर्षानुवर्षे दिवाणजी होते. हिशेबात त्यांना कुणी गंडवलेले मला आठवत नाही. पण हा प्रश्न हिशेबाआधी रसायनशास्त्राचा होता, म्हणून तो इंजिनीअर भाचीकडे आला.

चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून घरोघरी जुने रुपये डब्यांतून बाहेर निघत आहेत. त्यात ‘हे नाणे असेल तर लखपती व्हाल’ छापाच्या व्हिडिओंची भर. साधा काळपट रुपया सराफाकडे वजनावर जातो आणि त्याच वर्षाचा रंगीत रुपया लिलावात पाचपट भावाला, असे दिसले की कुणालाही मोह होईल. मग त्या रंगाचे पैसे मोजावेत का?

रंग येतो कुठून?

हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग झाला की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. देवघरातली समई काळी पडते त्यामागे हेच कारण. थर जाड झाला की काळा दिसतो. पण त्याआधी, तो काही दशक नॅनोमीटर एवढाच असताना, गंमत घडते. थराच्या वरच्या बाजूवरून परतणारा प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंग पुसले जातात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तेच हे रंग. (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ‘न्यूटन्स रिंग्ज’चे प्रॅक्टिकल करताना याचा आयुष्यात काय उपयोग, असे वाटले होते. मामांचा फोन आला तेव्हा उत्तर मिळाले.)

म्हणजे नाण्यावर रंगद्रव्य नसतेच. असते ती थराची जाडी आणि जाडीप्रमाणे रंगांचा क्रमही ठरलेला असतो : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस-किरमिजी, निळा आणि पुढे जाड थरात पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवा. कागदी अल्बममध्ये किंवा पाकिटात अनेक वर्षे राहिलेल्या नाण्याला गंधक कडेकडून मिळत जाते. त्यामुळे कडेला थर जाड, मध्ये पातळ आणि रंग क्रमाने एकमेकांत विरघळलेले दिसतात.

हाच थर स्वयंपाकघरातही चढवता येतो, अडचण आहे ती इथे. गंधक आणि थोडी उष्णता एवढेच लागते. उकडलेल्या अंड्याजवळ चांदीचा चमचा ठेवून पाहा. आमच्या भागात द्राक्षबागांवर भुरीसाठी गंधकाची भुकटी वापरतात, ती कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. ऐंशी वर्षांत जमलेला थर आणि ऐंशी मिनिटांत चढवलेला थर, दोन्ही सिल्व्हर सल्फाइडच. म्हणूनच ‘रंग खरा आहे का’ या प्रश्नाला अनेकदा जाणकारही ठाम उत्तर देऊ शकत नाहीत. परदेशी ग्रेडिंग संस्था अशा नाण्यांना अंक न देता ‘क्वेश्चनेबल कलर’ असा शेरा मारतात. ‘खोटा’ असे लिहीत नाहीत, ‘शंकास्पद’ म्हणतात. शब्द विचारपूर्वक निवडलेला आहे.

१९१८चा रुपया आणि अमेरिकेचे डॉलर

रंगीत चांदीचे वेड मुख्यतः अमेरिकेतले. तिथले ‘मॉर्गन डॉलर’ टांकसाळीतून निघून थेट सरकारी तिजोऱ्यांत गेले आणि कापडी पिशव्यांत दशकानुदशके पडून राहिले. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या बाजूवर रंग चढले. ते चलनात फिरलेच नव्हते, त्यामुळे रंगाखाली टांकसाळीची मूळ झळाळी शाबूत राहिली. संग्राहक पैसे मोजतात ते या जोडीसाठी.

आता यातला योगायोग पाहा. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीच्या रुपयांची इतकी चणचण झाली की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोक नोटा देऊन रुपये मागत होते आणि मिळालेले रुपये घरात दडवत होते. अखेर एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने ‘पिटमन कायदा’ केला. त्याखाली सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यातील जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला भारतासाठी विकली गेली. त्या वर्षी मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून ४० कोटींच्या आसपास रुपये पाडले. मामांच्या लिंकमधल्या रुपयात एखाद्या मॉर्गन डॉलरची चांदी असणे अजिबात अशक्य नाही.

मात्र तो रुपया तिजोरीत राहिला नाही. तो बाजारात आला, कनवटीला बांधला गेला, मडक्यात पुरला गेला, माळेत ओवला गेला, दर दिवाळीत चिंचेने घासला गेला. बार्शी लाइट रेल्वे सुरू होऊन तेव्हा वीसेक वर्षे झाली होती आणि इथल्या पेठेत धान्याचा मोबदला याच रुपयांत मोजला जात होता. अशा आयुष्यात चांदी करडी होते, काळपट होते. इंद्रधनुषी होण्याची संधी तिला फार कमी मिळते. असे असताना अलीकडच्या ऑनलाइन लिलावांत रंगीबेरंगी राजा छाप रुपये इतक्या संख्येने कसे दिसतात, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या मते सुरुवातीचा संशय नाण्यावरच असावा. तो दूर करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची.

रंग वगळून किंमत किती?

रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना बरोबर एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम. चांदी किलोला दीड लाख धरली तर सुमारे १,६०० रुपये, दोन लाख धरली तर २,१४० च्या आसपास. हा तळ. त्यावर साल, टांकसाळ आणि झीज यांची किंमत चढते. मुंबईचा रुपया मागच्या बाजूला तळाच्या कमळाखालच्या ठिपक्यावरून ओळखतात. कोट्यवधींनी निघालेल्या १९१८ला वर्षाची म्हणून जादा किंमत जवळपास नाही. १९११च्या रुपयाची गोष्ट वेगळी. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, नाणी मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट करण्यात आली. तिथे दुर्मीळपणाला कारण आहे.

म्हणून मामांना सांगितले, आधी फोटो मनातल्या मनात कृष्णधवल करा. राजाचा गाल, मुकुट आणि तो हत्ती किती झिजलाय ते पाहा. या रुपयात गाल सपाट झाला होता, हत्तीचे तपशील पुसले गेले होते. तरीही निळा रंग सपाट गालावर आणि अक्षरांच्या खोबणीत सारखाच पसरलेला होता. म्हणजे झीज आधी, रंग नंतर. नंतर म्हणजे गेल्या पन्नास वर्षांतही असेल आणि गेल्या पन्नास मिनिटांतही. शिवाय मोठे करून पाहिल्यावर रंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसल्या. कधीतरी घासलेले नाणे. घासलेली चांदी निस्तेज आणि कृत्रिम दिसते. रंग चढला की ती खोड झाकते.

विक्रेत्याकडे आम्ही एकच गोष्ट मागितली : एका दिव्याखाली नाणे हळूहळू तिरपे करत काढलेला व्हिडिओ. न झिजलेल्या चांदीवर प्रकाशाचा पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. तो रंगाखालूनही फिरताना दिसला, तर गोष्ट वेगळी. फोटोत रंग गडद करणे मोबाइलवर एका बोटाचे काम आहे, आरे फिरवणे अवघड. उत्तर आले, ‘फोटो स्पष्ट आहेत.’

कमिशनचा हिशेब मामांनीच केला आणि तो मला जास्त पटला. बोली १०,००० ला सुटली आणि घेणाऱ्याचे कमिशन १५ टक्के धरले, तर ११,५०० झाले. जीएसटी आणि कुरिअर वेगळे. उद्या विकायला काढले आणि विकणाऱ्याकडूनही १५ टक्के कापले, तर आपले ११,५०० परत मिळायला बोली १३,५०० च्या वर जायला हवी. म्हणजे भाव ३५ टक्के चढला तर मुद्दल सुटणार. ‘‘एवढी वाढ तुरीला मिळाली असती तर मी दिवाणजीच राहिलो असतो का,’’ असे म्हणून ते हसले.

व्हिडिओंत दाखवले जाणारे परदेशी लिलावांचे आकडे इथे कामाचे नाहीत. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ते परदेशात विकायला पाठवता येत नाही. आणि ‘तुमचे नाणे रिझर्व्ह बँकेमार्फत लाखोंना विकून देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन आला तर तो सरळ कट करावा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर निवेदन काढून अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचे सांगितले आहे.

दुसरी बाजूही आहे. रंग डोळ्यांना आवडला, पैसे खर्च म्हणून गेले असे धरले आणि नाणे विकायचेच नसेल, तर रंग कुणी चढवला याने फारसे बिघडत नाही. पैठणी घेताना कुणी पुढच्या वर्षीचा भाव विचारत नाही. मामांना मी हेच विचारले, ‘‘ठेवायला घेताय की विकायला?’’ थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘‘विकायलाच गं.’’ मग लिलावांचे जुने निकाल चाळून, तितकाच झिजलेला बिनरंगी १९१८ डोळ्यांसमोर ठेवून, आम्ही कमिशन धरून साडेतीन हजारांची मर्यादा ठरवली. बोली तोवर नऊ हजारांवर गेली होती. आम्ही भाग घेतला नाही.

नाणे शेवटी १४,५०० ला गेले. मामांनी निकालाचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त ‘गेला’ एवढेच. घेणाऱ्याने कदाचित मला न दिसलेले काही पाहिले असेल. हाती आल्यावर त्याने एक तरी तपासणी करावी : वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, अधांतरी धरायचे. खरा रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या जवळपास दाखवेल. रंगाबद्दल काटा काही सांगणार नाही, पण धातूबद्दल सांगेल.

या सगळ्यातून एक झाले. मामांच्या देवघरातल्या डब्यात सात रुपये निघाले, त्यातले दोन राणी छाप. एकावर कडेने हलकी सोनेरी झाक होती, कुणी मुद्दाम न चढवलेली. हे आता घासू नका, असे मी मामींना सांगितले. चिंचेचे आम्ल आणि राखेची रगड यांनी थराबरोबर चांदीची वरची कातडीही जाते आणि ती परत येत नाही. मामी म्हणाल्या, ‘‘लक्ष्मीपुढं काळा रुपया मांडायचा का गं?’’ बरीच वादावादी झाली. शेवटी ठरले की पूजेला एकच रुपया घासायचा, आधीच गुळगुळीत झालेला पंचम जॉर्ज. बाकीचे सहा मामांनी स्वच्छ सुती कापडात वेगवेगळे गुंडाळून कपाटात ठेवले आहेत.