निमगोरा : एका खोट्या नोंदीचा जमाखर्च



मागच्या लेखात बचत गटाच्या वहीविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीने विचारले, "ताई, तुम्ही सगळ्यांच्या घरचे हिशेब तपासता, आपल्या घरचे कधी काढणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या वेळी माझ्या बहिणीच्या घरचा एक हिशेब मांडते. त्यात एक नोंद माझ्या हातची आहे आणि ती खोटी आहे.

माझी भाची पंचवीस वर्षांची. बी.एस्सी. करून रक्त-लघवी तपासणीच्या एका खाजगी लॅबमध्ये नोकरी करते. पगार चौदा हजार. रंगाने सावळी, आमच्या आईवर गेलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी स्थळे बघायला सुरुवात झाली, तेव्हा परिचयपत्र टाईप करायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. शिक्षण, उंची, नोकरी, मामांची नावे असे सगळे लिहून झाले आणि 'वर्ण' हा रकाना आला. भाची म्हणाली, "मावशी, सावळा लिही." मी एक क्षण थांबले आणि 'निमगोरा' असे टाईप केले. तिने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही.

पहिले स्थळ आले. मुलगा बरा होता, चहा-पोहे झाले, बोलणे झाले. जाताना मुलाची आई जिन्यात कोणाला तरी म्हणाली, "फोटोत उजळ दिसत होती." आपल्या घरांच्या भिंती किती जाडीच्या असतात हे तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना ऐकू गेले. दुसऱ्या स्थळाच्या वेळी तसेच झाले, फक्त शब्द वेगळे होते. त्यानंतर पोरीने क्रीम लावायला घेतले.

आता हिशेब. हल्ली सगळे पैसे मोबाईलवरून जातात, त्यामुळे नोंदी सापडल्या. अकरा महिन्यांत गोरेपणाची क्रीम आणि फेसवॉश मिळून २,८६० रुपये. मोबाईलवर एक मुलगी गाल दाखवत सांगत होती म्हणून मागवलेल्या सीरमच्या दोन बाटल्या, १,१९८ रुपये. पार्लरमधले 'गोल्ड फेशियल' चार वेळा, ३,२०० रुपये. आणि त्याच पार्लरमधून घेतलेल्या एका क्रीमच्या सहा डब्या, २,७०० रुपये. एकूण ९,९५८. पुढे डॉक्टर, औषधे आणि तपासण्या यांचे ७,३५० झाले. बेरीज १७,३०८. म्हणजे महिन्याच्या पगाराहून जास्त. जमेच्या बाजूला काय, ते पुढे येतेच.

पहिल्या दोन रकमांचा परिणाम शून्य. याला भाची तरी फसवणूक म्हणते, मी आधी त्याला अडाणीपणा म्हणत होते. पण ट्यूब हातात घेऊन वाचली तेव्हा कळले की फसवण्याची सोय मोठी व्यवस्थित केलेली असते. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. जो घटक वजनाने सगळ्यांत जास्त तो पहिला, मग त्याहून कमी, असा क्रम लावावा लागतो. फक्त एक टक्क्याच्या आतले घटक शेवटी कसेही लिहिता येतात. पहिले नाव होते 'अॅक्वा'. अॅक्वा म्हणजे पाणी! मग मेणट-तेलकट पदार्थ. ज्या केशराचे चित्र पुढच्या बाजूला अर्ध्या ट्यूबभर होते, ते यादीच्या शेपटाला, सुवासाच्या शेजारी. टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी मात्र होती. ती उन्हापासून थोडे संरक्षण देते हे खरे, पण लावल्याबरोबर चेहरा उजळ दिसतो तो या भुकटीमुळे. भिंतीला चुना लावावा तसे. तोंड धुतले की संपले.

भाचीला दाखवल्यावर त्वचेच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना समजावून सांगितले. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात यात, आणि ते जन्मतःच ठरलेले असते. उन्हाने जो काळवंडलेपणा वरून येतो तो ऊन टाळले तर उतरतो. हाताच्या आतल्या बाजूचा जो रंग, तो आपला मूळ रंग. त्यापलीकडे कोणतीही साधी क्रीम नेत नाही. "आणि नेत असेल तर घाबरा," असे त्या म्हणाल्या.

डब्यावर 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेले' असे असते, तेही मी विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, तपासले काय हे लिहिले आहे का? बहुतेक वेळा क्रीम लावून पुरळ उठत नाही, आग होत नाही, एवढेच पाहिलेले असते. रंग उजळला असे त्यात कोणी म्हटलेले नसते. वाचणारी ते आपल्या मनाने म्हणते. सीरमची गोष्ट तर आणखी गमतीची. त्यातले क जीवनसत्त्व हवेने आणि उजेडाने खराब होते. आमच्या बाईसाहेबांनी बाटली खिडकीत ठेवली होती. महिन्याभरात चहाच्या रंगाची झाली. तशीच लावत राहिली, कारण ५९९ रुपये दिले होते.

ही निराशा पैशांपुरती होती. खरे संकट आले ते चौथ्या रकमेतून, कारण ती क्रीम लागू पडली.

डबी छोटी, पांढरी, झाकणाला सोनेरी कड. लावायला लागल्यावर तीन आठवड्यांत चेहरा उजळला, फोड बसले, गाल गुळगुळीत झाले. शेजारपाजारच्या विचारू लागल्या. माझी बहीण खूश. खरे सांगायचे तर मीही खूश झाले. मे महिन्यात मात्र कातडी पातळ झाल्यासारखी दिसू लागली. नागपूरच्या उन्हात दहा मिनिटे गेली की तोंड भाजल्यासारखे लाल. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. घाबरून क्रीम बंद केली तर आठ दिवसांत आधी कधी नव्हते इतके फोड आले आणि आग आग. पुन्हा लावली की शांत. या फेऱ्यात ती दोन महिने राहिली आणि लॅबमध्ये तोंडावरचा मास्क काढेनाशी झाली.

डॉक्टरांनी लक्षणांवरूनच सांगितले, यात स्टेरॉइड आहे. खाज, इसब यांसाठी थोडे दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावायचे हे औषध. ते वरवर लालसरपणा दाबते आणि रंग फिकट करते, म्हणून लोक गोरे होण्यासाठी लावतात. भारतात या प्रकाराने बिघडलेले चेहरे इतके झाले की त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळे नावच दिले आहे. त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये सरकारने चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. पण बिनानावाच्या डबीला कुठली चिठ्ठी?

दुसरी शंका पाऱ्याची होती. पारा मेलॅनिन बनणे थांबवतो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत मिसळलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. तरी २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी आली होती. पार्लरमधून आणलेल्या क्रीममधला पारा त्याला कारण असल्याचे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात उघड झाले. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण सापडले. अकोला आम्हाला लांब नाही. बातमी मी तेव्हा वाचली होती, 'काय या बायका' असे म्हणून पान उलटले होते.

भाचीने आपल्याच लॅबमध्ये, सगळे गेल्यावर, आपल्याच लघवीची तपासणी केली. प्रथिने जात नव्हती. मग डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणीही झाली, तीही नीट आली. रात्री साडेनऊला तिचा फोन आला, "मावशी, निल आहे." मी जेवत होते. ताट तसेच ठेवून रडले.

आता त्या नोंदीकडे येते. गोरेपणाची पहिली मोठी क्रीम आपल्याकडे १९७५ साली आली, 'फेअर अँड लव्हली'. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर तिची जाहिरात लागली की आम्ही बहिणी पाठ म्हणायचो. २०१४ साली जाहिरात क्षेत्राच्या परिषदेने नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, अयशस्वी, लग्नाला नालायक असे दाखवू नये. असा नियम करावा लागला यातच सर्व आले. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, जगभर आंदोलन पेटले, आणि त्या वर्षीच्या जुलैत या क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. ट्यूबवरून 'फेअर' गेले. परिचयपत्रातला 'वर्ण' हा रकाना मात्र आम्ही तसाच ठेवला, आणि तो कंपनीने छापलेला नव्हता.

आपल्याच साप्ताहिकाची वधू-वर जाहिरातींची पाने काढून बघा. 'आंबेडकरी विचारांची, उच्चशिक्षित' आणि त्याच ओळीत 'गोरी' पाहिजे असते. मी २००३ साली नोकरीला लागले तेव्हा कार्यालयातल्या एका बाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, "तुम्ही अजिबात वाटत नाही हो!" काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी उजळ आहे. मी हसले होते. बावीस वर्षे झाली, ते हसणे मी विसरलेले नाही. 'निमगोरा' टाईप करताना तेच बोटांत आले असावे.

याचा अर्थ नटूथटू नये असा नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना नीटनेटके लुगडे नेसायला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितले होते. खूण पुसायची होती ती कपड्यावरची, दागिन्यांवरची. कातडी सोलायला त्यांनी सांगितले नव्हते. भाची आजही काजळ घालते, गजरा माळते, छान दिसते. आणि घरगुती उपायांचा आग्रह धरणाऱ्यांनाही एक सांगते, लिंबू चोळून उन्हात गेलेल्या बाईचे गाल मी पाहिले आहेत. घरचे म्हणजे बिनधोक असे नाही.

त्या पार्लरवाल्या ताईंकडे मी रागाने गेले होते. त्या आपल्याच वस्तीतल्या, पती वारल्यावर दोन मुलांना याच धंद्यावर शिकवणाऱ्या. डबीवर कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. हे सगळे छापणे कायद्याने आवश्यक आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. एक विक्रेता दर महिन्याला आणून देई, पावतीशिवाय. त्यांनी स्वतःचे गाल दाखवले. त्याही तीच लावत होत्या. उरलेल्या नऊ डब्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या आणि विक्रेत्याचा नंबर लेखी दिला. भाचीच्या सहीने अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज गेला आहे, सोबत दोन डब्या. पोच घेतली आहे. उत्तर यायचे आहे.

मोठ्या कंपनीविरुद्ध दाद लागत नाही असेही समजू नका. दिल्लीतील एका ग्राहकाने २०१३ साली ७९ रुपयांची 'फेअर अँड हँडसम' क्रीम घेतली, गोरा झाला नाही, म्हणून तक्रार केली. आहार, व्यायाम यांवरही परिणाम अवलंबून असतो, असे कंपनी म्हणाली. मग ते वेष्टनावर का लिहिले नाही, असे मंचाचे म्हणणे पडले. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा मंचाने कंपनीला १५ लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. पावती मात्र लागते, म्हणून पावती मागत चला.

भाचीच्या चेहऱ्याला बरे व्हायला सहा-सात महिने लागतील असे डॉक्टर म्हणतात. बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर, उन्हाची क्रीम, छत्री आणि धीर, एवढेच औषध. शिरा थोड्या राहतील. परिचयपत्र तिने स्वतः पुन्हा टाईप केले. 'वर्ण' हा रकानाच काढून टाकला आणि मला वाचायला दिले. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या.

येत्या रविवारी दुपारी तीनला विहारात महिला मंडळाची बैठक आहे. घरातल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, बाटल्या पिशवीत घालून आणा. बारीक अक्षर वाचायला भाची भिंग आणणार आहे. पार्लरवाल्या ताईही येणार आहेत, त्यांना कोणी टोचून बोलू नये ही विनंती.