सगळ्यांची एकच किल्ली

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. दहावीला शेवटच्या बाकावर बसायचा. आता एका रासायनिक कारखान्यात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. म्हणजे होता. कंत्राटी नोकरी, ती गेली.

झालं असं, की रात्रपाळीत कुणीतरी एका टाकीच्या तापमानाचा ठरवलेला आकडा बदलला. माल वाया गेला. कॉम्प्युटरमधली नोंद काढली तर नाव निघालं ‘अ‍ॅडमिन’! तिथे सगळेच या एका नावाने आणि एका पासवर्डने आत जातात, आणि तो पासवर्डसुद्धा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. मग पाळीवर कोण होतं ते बघितलं आणि याला घरी बसवलं. "सर, तो आकडा वरच्या ऑफिसातूनही बदलता येतो," तो एवढंच म्हणाला.

आता मी पडलो मराठीचा मास्तर. पण भाचा याच क्षेत्रात आहे, त्याला रात्री फोन लावला आणि तासभर पिडलं. मला समजलं ते असं. यंत्रांचे आकडे एका सर्व्हरकडे जमा होतात. पडद्यावर चित्रं दाखवणारे, अहवाल काढणारे प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट, ते तिथून घेतात. काही जण उलट आकडे पाठवूही शकतात. या देवघेवीची सर्वमान्य रीत म्हणजे ओपीसी, १९९६ पासूनची. जुनी ओपीसी विंडोजच्या डीकॉमवर चालायची. त्याच्या परवानग्या इतक्या किचकट, की वैतागलेले इंजिनियर ‘एव्हरीवन’ला सगळं खुलं करून मोकळे व्हायचे. मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून डीकॉमचे नियम आवळायला घेतले आणि मार्च २०२३ मध्ये ते बंद ठेवण्याची पळवाटही काढून टाकली.

नवीन ओपीसी यूएमध्ये प्रत्येक क्लायंट प्रोग्रॅमला आपलं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. अनोळखी प्रमाणपत्र सर्व्हर बाजूला ठेवतो, जबाबदार माणसाने बघून मान्य करेपर्यंत. शिवाय माणसाचं नाव-पासवर्ड वेगळं, आणि कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं तेही ठरवता येतं. मी म्हटलं, मग अडलं कुठे? भाचा हसला. "मामा, सोय आहे, वापरतं कोण? येईल ते प्रमाणपत्र आपोआप मान्य, नाव न सांगता प्रवेश, सगळ्यांना लिहायची मुभा. सुरुवातीला तात्पुरतं म्हणून करतात, तेच वर्षानुवर्षं चालतं."

भाच्याला भीती बाहेरच्यांची. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये चोरलेल्या पासवर्डांनी वीज कंपन्यांत शिरून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. पुढच्या वर्षी कीव्हच्या काही भागातली वीज गेली, त्या घातकी प्रोग्रॅमचा एक भाग तर ओपीसी सर्व्हर हुडकण्यासाठीच लिहिलेला होता. ते खरंच. पण मला विचाराल तर रोजचा धोका आतला आहे. सामायिक पासवर्डमुळे चोर सापडत नाही हे अर्धंच झालं. ज्याच्या पाठीशी कोणी नाही असा माणूस मात्र हमखास सापडतो.

साहेब लोक म्हणतात, आणीबाणीत पासवर्ड कुठे शोधत बसणार? पण भाचा सांगतो, यंत्र तातडीने थांबवायचं लाल बटण वेगळंच असतं, त्याला पासवर्ड लागत नाही. पडदा बघायला हवं तर सगळ्यांना मोकळीक द्या. आकडा बदलायला मात्र नाव सांगायला काय हरकत आहे? आणि अहवाल काढणाऱ्या प्रोग्रॅमला लिहायची परवानगी हवीच कशाला?

आमच्या शाळेत प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली शिक्षकखोलीत खिळ्याला टांगलेली असे. एका वर्षी सहामाहीचा पेपर फुटला आणि आळ आला शिपायावर. त्याची दोन वर्षांची पगारवाढ थांबली. त्या किल्लीने मीही अनेकदा कपाट उघडलं होतं, आम्ही सगळ्यांनीच. बैठकीत मात्र कोणी तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही... असो.

विद्यार्थ्याचा अर्ज मी लिहून दिला. भाच्याच्या सांगण्यावरून त्यात एक ओळ घातली : त्या रात्री सर्व्हरला कोणकोणत्या कॉम्प्युटरवरून क्लायंट जोडलेले होते, त्याची नोंद असल्यास दाखवावी, आणि नसल्यास तसं लेखी द्यावं. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. सोमवारी त्याच्याबरोबर मी जाणार आहे.