विश्रांतीच्या सल्ल्याची फेरतपासणी

मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णाला 'जपून राहा, दमू नका' असे सांगणे ही वैद्यकशास्त्राची जुनी सवय. तिला कारणही होते. व्यायामानंतर अशा रुग्णांची दृष्टी अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले. या आजारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट करते. तापमान किंचित वाढले, तरी अशा उघड्या तंतूंतील संदेशवहन अडखळते. शरीर थंडावले की पूर्ववत होते. या तात्पुरत्या अवस्थेलाच कायमची हानी मानले गेले आणि व्यायाम अनेक दशके निषिद्ध ठरला.

परिणामी, बहुधा विशी ते चाळिशीत आजार जडलेली माणसे (त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक) घरात बसून राहिली. दुबळ्या झालेल्या स्नायूंचे खापर आजारावर फुटले. त्यातला किती वाटा आजाराचा आणि किती सक्तीच्या विश्रांतीचा, हे फारसे कोणी विचारले नाही.

१९९६ मध्ये अमेरिकेतील युटा येथील अभ्यासाने ही कोंडी फोडली. ५४ रुग्णांपैकी एका गटाला आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे, १५ आठवडे हातापायांच्या सायकलीवर व्यायाम देण्यात आला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, स्नायूंची ताकद सुधारली, आजार मात्र बळावला नाही. चालण्यापुरते पाहिले, तर २००९ मध्ये २२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून सुधारणा दिसली ती अल्प; देखरेखीखालील व्यायामात ती अधिक होती. व्यायामाने आजाराचे झटके वाढत नाहीत, हे २०१४ च्या आढाव्याने दाखवले.

'अल्प' या शब्दावरून नाके मुरडण्याचे कारण नाही. चालण्याचा वेग वाढवणारे फॅम्प्रिडिन हे औषध अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाले. त्याचाही उपयोग काही रुग्णांनाच होतो. व्यायाम मायलिन परत आणत नाही, हे खरेच. पण बसथांब्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येणे आणि न येणे यांत नोकरी टिकण्याचा प्रश्न दडलेला असतो.

कॅनडातील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोनदा स्नायूबळाचा व्यायाम सुचवला. आपल्याकडील उकाड्यात त्याला पहाटेची वेळ, पंखा, गार पाणी यांची जोड हवी. खरी अडचण निराळीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला मान्यता दिली. आरोग्य विमा मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाभोवती फिरतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या फिजिओथेरपीचे बिल बहुतांशी कुटुंबाच्याच खिशातून जाते. ज्या देखरेखीमुळे फायदा वाढतो, तीच मग सर्वांत आधी बंद होते.