छातीत कळ आली? आधी कार्डिओग्राम, मग मोठ्या शहराची वाट

हृदयविकाराचा झटका आला की माणसाला गाडीत घालायचे, थेट पुण्या-मुंबईला किंवा नाशिक-नागपूरला न्यायचे, अँजिओग्राफी करायची आणि वेळ पडली तर शेताचा तुकडा विकून स्टेंट बसवायचा, ही समजूत आता आपल्या गावागावांत पक्की झाली आहे. ती अगदीच चुकीची नाही, पण अर्धवट आहे. आणि या आजारात अर्धवट समजूत जिवावर बेतते.

आज मुद्दाम हा विषय घेतला आहे, तो आमचे ठाम मत मांडण्यासाठी. तालुक्याच्या गावात किंवा खेड्यात राहणाऱ्या माणसाचा जीव वाचणे न वाचणे हे शहरातल्या चकचकीत रुग्णालयापेक्षा जास्त करून दोन साध्या गोष्टींवर ठरते. एक म्हणजे दुखू लागल्यावर लवकरात लवकर निघालेला कार्डिओग्राम. दुसरी म्हणजे जवळच्याच रुग्णालयात वेळेवर टोचलेले, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. या दोन गोष्टींसाठी आपण आग्रह धरत नाही, ही खरी तक्रार आहे.

झटक्यात नेमके काय होते?

हृदय दिवसरात्र सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते आणून देणाऱ्या रक्तवाहिन्यांना करोनरी धमन्या म्हणतात. वर्षानुवर्षे त्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचे थर साचतात. तंबाखू, विडी-सिगारेट, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्यामागची नेहमीची कारणे. एके दिवशी असा एखादा थर फुटतो. जखम झाली म्हणून रक्त तिथे गोठते आणि त्या गुठळीने वाहिनी बंद होते. पाटाचे पाणी मध्येच अडले की पुढचे वाफे वाळू लागतात, तसा पुढचा स्नायू मरू लागतो.

मात्र तो एका क्षणात मरत नाही. साधारण अर्ध्या तासात नुकसान सुरू होते आणि पुढच्या काही तासांत ते पसरत जाते. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून या आजारात औषधाइतकीच किंमत घड्याळाला आहे.

वेळ जातो कुठे?

नेहमीचे चित्र आठवून पाहा. रात्री जेवणानंतर घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत दडपल्यासारखे होते, दरदरून घाम फुटतो, डावा हात भरून येतो. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. मग ओवा, मग सोडा-लिंबू, मग पित्ताची गोळी. पाठीला तेल चोळून होते. तासाभराने शेजारचे काका येतात आणि सकाळी दाखवू म्हणतात. पहाटे त्रास वाढतो, मग गाडीची शोधाशोध. गाडी मिळाली की गावातले रुग्णालय ओलांडून थेट जिल्ह्याला, तिथूनही पुढे मोठ्या शहराला. प्रत्येक जण आपापल्या परीने मदतच करत असतो, पण तेवढ्यात हृदयाचा मोठा भाग गेलेला असतो.

हा नुसता आमचा अंदाज नाही. आपल्या देशातल्या ८९ रुग्णालयांतील २०,४६८ हृदयरुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. या रुग्णांपैकी निम्म्या लोकांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. रुग्णालयात आल्यावर इंजेक्शन सुरू व्हायला मात्र साधारण ५० मिनिटे लागत होती. म्हणजे सर्वांत मोठी गळती रुग्णालयाच्या दाराबाहेर होती. त्याच पाहणीत गरीब रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा जास्त आढळले, हेही विसरता येत नाही.

कागदाच्या पट्टीची किंमत

ज्याला आपण ईसीजी किंवा कार्डिओग्राम म्हणतो, तो काही नवा शोध नाही. हॉलंडमधील लायडेन येथे विलेम आइंटहोवेन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीस हृदयाचे विद्युत आलेख काढणारे यंत्र तयार केले आणि १९२४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. आज तेच यंत्र पिशवीत मावते, पाच मिनिटांत पट्टी हातात येते आणि खर्चही सामान्य माणसाला झेपण्याजोगा असतो. असे असून छातीत दुखणाऱ्या माणसाचा कार्डिओग्राम निघायला रात्र उलटावी, याला काय म्हणावे?

रुग्ण डॉक्टरांसमोर आल्यापासून १० मिनिटांच्या आत कार्डिओग्राम निघालाच पाहिजे, असे जगभरातल्या हृदयरोगतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. मोठी वाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर पट्टीवर बहुधा ते स्पष्ट दिसते. वाचण्याबद्दल शंका असेल तर आता पट्टीचा फोटो मोबाइलवरून तज्ज्ञाला पाठवता येतो आणि उत्तर काही मिनिटांत मिळते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पहिला कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे सगळे ठीक, असे नव्हे. झटक्याच्या सुरुवातीला पट्टी साफ असू शकते. दुखणे चालूच असेल तर थोड्या थोड्या वेळाने ती पुन्हा काढावी लागते. सोबत ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे द्रव्य रक्तात वाढते, पण त्यालाही काही तास लागतात. म्हणून डॉक्टरांनी थांबा म्हटले तर थांबा. 'पट्टी नॉर्मल आहे ना, मग चला घरी' ही घाई करू नका.

इंजेक्शनने काय साधते?

१९८६ साली इटलीमधील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका आलेल्या सुमारे ११,७०० रुग्णांपैकी निम्म्यांना स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले होते. औषध न मिळालेल्यांत १०० पैकी १३ जण दगावले, मिळालेल्यांत सुमारे ११. फरक लहान वाटेल. पण ज्यांना पहिल्या तासाभरात औषध मिळाले, त्यांच्यात हे आकडे १५.४ आणि ८.२ असे होते. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर! औषध तेच, फरक फक्त घड्याळाचा.

पुढे १९८८ साली १७,१८७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले की हे औषध आणि साधी ॲस्पिरिनची गोळी दोन्ही मिळाल्यास पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतात. आता टेनेक्टेप्लेज हे नवे औषधही आहे. ते महाग पडते, पण वजनाप्रमाणे एकदाच टोचायचे असल्याने लहान रुग्णालयात देणे सोपे जाते.

या इंजेक्शनचा धोकाही लपवून चालणार नाही. गुठळी विरघळवणारे औषध शरीरात दुसरीकडे रक्तस्राव करू शकते. सुमारे १०० रुग्णांत एकाला किंवा त्याहून कमी जणांना मेंदूत रक्तस्राव होतो. ज्याला पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्याचा रक्तदाब फार वाढलेला आहे, त्याच्या बाबतीत हे औषध टाळावे लागते किंवा फार विचार करावा लागतो. निर्णय डॉक्टरांचाच असावा, पण तो झटपट व्हावा.

मग अँजिओप्लास्टी नको का?

हवी, जरूर हवी. झटका आल्यावर तातडीने फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट बसवणे हा उत्तम उपचार आहे, इंजेक्शनपेक्षाही सरस. अट एकच. निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत ते व्हायला हवे. ज्यांच्या गावापासून अशी सोय तासाभरात आहे, त्यांनी सरळ तिकडेच जावे. पण घाट, खड्डे, रात्रीची वेळ आणि गाडीची वाट पाहणे धरले तर आपल्यापैकी कितीजणांना हे दोन तासांत साधेल? ज्यांना साधणार नाही, त्यांच्यासाठी शास्त्रच सांगते की आधी जवळ इंजेक्शन घ्या आणि मग लगेच मोठ्या रुग्णालयाकडे निघा. तिथे साधारण २४ तासांच्या आत अँजिओग्राफी करता येते. इंजेक्शन आणि अँजिओप्लास्टी या सवती नव्हेत, बहिणी आहेत.

तामिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात लहान रुग्णालये मोठ्या हृदयरुग्णालयांना जोडून २,४२० रुग्णांवर हाच प्रयोग झाला. कार्डिओग्राम लहान ठिकाणी, सल्ला मोठ्या ठिकाणाहून, मग ठरल्या वाटेने रुग्णवाहिका. एका वर्षातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. आपल्याच देशात, सरकारी योजनेतल्या रुग्णांसह हे घडले. मग आपल्या जिल्ह्यात का घडू नये?

खर्चाबद्दलही भीती बाळगू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. स्टेंटच्या किमतींवरही केंद्र सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत मर्यादा घातली. योजनेचे रुग्णालय कोणते आणि कागदपत्रे कोणती, हे आजच घरात लिहून ठेवा. झटका आल्यावर रेशनकार्ड शोधत बसू नये.

डॉक्टर का कचरतात?

लहान गावात इंजेक्शन देण्याऐवजी 'पुढे न्या' अशी चिठ्ठी का मिळते, याचेही एक कारण आहे. रुग्ण पुढच्या रुग्णालयाच्या वाटेवर गेला तर कोणी बोलत नाही. तोच इंजेक्शननंतर दवाखान्यात गेला तर काचा फुटतात. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालापासून कायदा आहे, पण कायद्याने भीती जात नाही. डॉक्टरांनी धोका स्पष्ट समजावून सांगावा, नातेवाइकांनी तो शांतपणे ऐकून सही करावी आणि निकाल काहीही लागला तरी हात उगारू नये. जिथे डॉक्टरला भीती वाटते, तिथे रुग्णाला उपचार मिळत नाहीत. दोष दोन्ही बाजूंनी वाटून घेण्याजोगा आहे.

आपण काय करावे?

छातीच्या मध्यभागी दडपण, जबडा, मान, पाठ किंवा हातात पसरणारी कळ, घाम, धाप, मळमळ यांपैकी काहीही दहा-पंधरा मिनिटांहून जास्त टिकले तर गॅस समजून बसू नका. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना छातीत कळ न येता नुसती धाप, अतिशय थकवा किंवा घाबरेपणा जाणवू शकतो. घरातल्या आईच्या 'जीव कसातरी होतोय' या बोलण्याकडे वडिलांच्या कळीइतकेच लक्ष द्या.

रुग्णाला चालवू नका, जिने चढवू नका, स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नका. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्तस्राव किंवा अल्सर नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास साधी ॲस्पिरिन चावून खायला देता येते, पण फोनवर विचारून द्या. जिभेखालची गोळी शेजाऱ्याच्या डब्यातून घेऊन देऊ नका. रक्तदाब कमी असेल तर ती घातक ठरते. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा, मदत येईपर्यंत.

आणि एक काम आजच करा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा. कार्डिओग्रामचे यंत्र चालू आहे का? पट्टीचा कागद आहे का? रात्री ती काढणारे कोणी असते का? गुठळीचे इंजेक्शन साठ्यात आहे का? ही चौकशी ग्रामसभेत करा, रुग्ण कल्याण समितीत करा, मते मागायला येणाऱ्यांपुढे करा. गावाच्या वेशीवर कमान हवी म्हणून आपण वर्गणी काढतो, मोर्चे नेतो. एका यंत्रासाठी आणि एका इंजेक्शनसाठी तेवढाच आवाज उठवला, तर पुढच्या वर्षी आपल्याच गल्लीतला एखादा कर्ता माणूस आपल्यात असेल.